पुराच्या पाण्यातली भागीदारी

बांगलादेशात पावसाळ्यात सखल शेतजमीन चार ते सहा महिने पाण्याखाली असते. पावसाळ्याआधी जिथे बोरो भात डोलतो, तिथे पाणी चढले की बांध बुडतात आणि सारे शिवार एकच तळे होते. अशा पाण्यात एकट्याने मासे पाळणे शक्य नसते. म्हणून गावकरी एकत्र येऊन मत्स्यशेती करतात. कुमिल्ला जिल्ह्यातील दाउदकांदी भागात १९९० च्या दशकात ही पद्धत रुजली.

शिवाराभोवतीचा रस्ता किंवा बंधारा हेच कुंपण. मोरीच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांची जाळी बसवतात. तिच्या फटींतून पाणी आणि रानमाशांची पिल्ले आत येतात. सोडलेले मासे मात्र बाहेर जात नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात आणि भातलावणीपूर्वी मासळी काढून शेत मोकळे करतात. नफा जमीन आणि भांडवल यांच्या हिश्श्यानुसार वाटला जातो. राखण आणि मासेमारी यांतून मजुरी मिळते.

या मत्स्यशेतीचा घरांवर झालेला परिणाम मोजताना अभ्यासक उत्पन्नापेक्षा खर्चावर भर देतात. ग्रामीण उत्पन्न हंगामागणिक वरखाली होते, घरखर्च त्या मानाने स्थिर असतो. विषमतेसाठी गिनी गुणांक वापरतात: सर्वांचा खर्च सारखा असेल तर ० आणि सारा खर्च एकाच घराचा असेल तर १.

पण खर्चाचा आकडा फसवाही असतो. कुंपणापूर्वी भूमिहीन कुटुंबे याच पाण्यात गळ-जाळे टाकून पुंटी, मोला असे छोटे मासे फुकट धरत. मोला काट्यांसकट खाल्ला जातो. त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळते. पाणी राखीव झाल्यावर तीच मासळी विकत घ्यावी लागली, तर घरखर्च वाढलेला दिसतो, ताटात मात्र भर पडत नाही. म्हणूनच पाहणीत स्वतः धरलेल्या माशांचीही बाजारभावाने किंमत धरावी लागते.

मत्स्यशेतीने गावाचे एकूण उत्पन्न वाढते, पण वाटपाचा पाया केवळ जमीन असेल तर मोठा वाटा मोठ्या जमीनदारांकडे जातो. भूमिहीनांना परवडणारे भाग, छोटे रानमासे धरण्याची मुभा आणि कामात प्राधान्य मिळाले, तरच गरिबांचा खर्च श्रीमंतांपेक्षा वेगाने वाढतो आणि गिनी गुणांक खाली येतो.