पडद्यामागच्या हातांची वही

मुलांनो, तुम्ही नाटक पाहायला गेला आहात ना? तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा सरकतो आणि पुढचे दोन-अडीच तास आपण हसतो, रडतो, टाळ्या वाजवतो. शेवटी सगळे कलाकार रांगेत उभे राहून नमस्कार करतात. पण अगदी बरोबर क्षणी वीज कडाडली होती, ती कोणी कडाडवली? अंधाराच्या दहा सेकंदांत राजवाड्याचं जंगल कोणी केलं? राक्षसाचे सुळे कोणी बसवले? ही माणसं बहुतेक वेळा त्या रांगेत नसतात. टाळ्या चालू असतात तेव्हा ती विंगेत पुढची आवराआवर करत असतात.

आता यातली खरी अडचण पाहा. चित्रकाराचं चित्र भिंतीवर राहतं. लेखकाचं पुस्तक कपाटात राहतं. पण प्रकाशयोजना करणाऱ्याचं काम बटण बंद केलं की संपलं! नेपथ्य तर प्रयोग संपताच सुटं होतं आणि टेम्पोत चढतं, कारण त्याच नाट्यगृहात पुढच्या सत्रात दुसऱ्या नाटकाचा सेट लागायचा असतो. मग हाच माणूस उद्या नवीन दिग्दर्शकाकडे काम मागायला गेला आणि त्यांनी विचारलं, “आधी काय केलं आहेस, दाखव बरं,” तर तो काय दाखवणार?

तो दाखवतो आपला पोर्टफोलिओ. आपण त्याला साध्या भाषेत ‘कामाची वही’ म्हणू. हा शब्द मूळ इटालियन भाषेतला. त्याचा अर्थ ‘पानं वाहून नेण्याची पिशवी’ असा होतो. चित्रकार आपली सुटी चित्रं ज्या मोठ्या पिशवीत घालून नेत, तीच ही. आज ती जाडजूड फाईल असेल किंवा मोबाईलमध्येही असेल. पण तिचं काम तेच. जे काम पुसलं गेलं, त्याचा पुरावा जपून ठेवायचा!

पडद्यामागची मोठी माणसं

मराठी नाटकाचा वाढदिवस तुम्हाला माहीत असेल. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. म्हणून ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. तेव्हापासून आजपर्यंत नटांची नावं आपल्या तोंडी राहिली. पण पडद्यामागेही केवढी थोर माणसं होऊन गेली!

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे त्यातलेच एक. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव संगीत नाटकांसाठी पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, देऊळ असे देखावे कापडावर खरे वाटतील असे उतरवायचे. हेच बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. म्हणजे ज्या हाताने पडदे रंगवले, त्याच हाताने आपल्या चित्रपटाचा पाया घातला.

१९६२ साली आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं. त्यात प्रभाकर पणशीकरांनी एकाच बहुरूपी भामट्याची पाच वेगवेगळी सोंगं वठवली. लोक थक्क झाले. पण त्या नाटकाला फिरता रंगमंच होता, हे विसरून कसं चालेल? एक प्रसंग संपला की रंगमंचच फिरे आणि दुसरी जागा समोर येई. तो रंगमंच वेळेवर फिरला नाही, तर सोंग कितीही छान असून काय उपयोग?

आणि कोलकात्याचे तापस सेन! १९५९ साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात, असा प्रसंग होता. रंगमंचावर पूर कसा आणणार? तापसबाबूंनी नुसत्या प्रकाशाने पाणी चढत जाताना दाखवलं. प्रेक्षकांना खरोखर पाण्याचा भास झाला. आता त्या प्रसंगाचा एखादा फोटो पाहिला, तर फक्त उजेड-अंधार दिसेल. पाणी कसं ‘चढवलं’ ते फोटो सांगत नाही. म्हणूनच कामाच्या वहीत नुसते फोटो पुरत नाहीत. ‘कसं केलं’ हे लिहावं लागतं.

कोणाच्या वहीत काय?

पडद्यामागे कामं अनेक, म्हणून वह्याही वेगवेगळ्या.

नेपथ्य करणारा आपल्या वहीत रंगमंचाचा वरून दिसणारा नकाशा लावतो. समोरून दिसणारं चित्र, पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती आणि शेवटी प्रत्यक्ष सेटचे फोटोही लावतो. पहिली वेडीवाकडी, खाडाखोडीची चित्रंसुद्धा तो फेकत नाही. विचार कुठून कुठे गेला, ते त्यातूनच कळतं.

प्रकाशयोजनाकार कोणता दिवा कुठे टांगला याचा नकाशा ठेवतो. त्याबरोबर क्यूंची यादी असते. क्यू म्हणजे इशारा. उदाहरणार्थ : ‘क्यू ७ – राक्षसाचं हसणं थांबताच – हिरवा उजेड पाच सेकंदांत हळूहळू वर.’ एकाच जागेचे दुपारचा आणि रात्रीचा भास देणारे दोन फोटो शेजारी लावले, की त्याची करामत लगेच दिसते.

वेशभूषेच्या वहीत पोशाखाचं चित्र, शेजारी टाचलेला कापडाचा तुकडा, मापं आणि खर्च असतो. जुन्या साडीतून राजाचा शेला केला असेल, तर ते मुद्दाम लिहायचं. कमी पैशांत काम करणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो!

रंगभूषेच्या पानावर एकाच चेहऱ्याचे तीन फोटो लावतात : साधा, अर्धा झालेला आणि पूर्ण. ध्वनी सांभाळणारा आवाजांची यादी आणि ध्वनिमुद्रण ठेवतो. मेघगर्जनेसाठी पत्रा हलवला की संगणकावरचा आवाज वापरला, हेही लिहितो.

सगळ्यांत अवघड वही रंगमंच व्यवस्थापकाची. तो काहीच ‘दिसेल’ असं करत नाही. सगळं वेळेवर होतं, एवढंच त्याचं काम. मग तो काय दाखवणार? तो दाखवतो आपली संहिता. तिच्या समासात प्रत्येक इशारा पेन्सिलीने लिहिलेला असतो. सोबत तालमींचं वेळापत्रक आणि प्रॉपर्टीची यादी असते. प्रॉपर्टी म्हणजे काय माहीत आहे ना? नाटकात हाताळल्या जाणाऱ्या वस्तू : कंदील, पत्र, तलवार, पाण्याचा तांब्या. कोणती वस्तू, कोणत्या प्रवेशात, कोणत्या विंगेतून, कोणाच्या हातात, हे ज्याच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं आहे, त्याच्यावर दिग्दर्शक डोळे मिटून विश्वास टाकतो.

थोडं गणित करू या!

“आम्हाला नेपथ्याचा नकाशा कसा जमणार?” असं म्हणू नका. पाचवी-सहावीचं गणित पुरे. समजा, तुमच्या शाळेचा रंगमंच ६ मीटर रुंद आणि ४ मीटर खोल आहे. कागदावर १ मीटरला ४ सेंटिमीटर असं प्रमाण धरा. मग नकाशा किती झाला? २४ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर खोल. साध्या ए-फोर कागदावर तो आडवा सहज बसतो. आता २ मीटर लांबीचा बाक कागदावर ८ सेंटिमीटरचा. तेवढा पुठ्ठा कापा आणि नकाशावर सरकवून पाहा. बाक इकडे ठेवला तर राजाला यायला वाट राहते का? खरा बाक चार जणांनी दहा वेळा उचलण्यापेक्षा हे बरं, नाही का? आणि तो नकाशा म्हणजे तुमच्या वहीचं पहिलं पान!

प्रत्येक पानावर पाच उत्तरं

वही भरताना प्रत्येक कामासाठी पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची.

१. नाटक कोणतं, लेखक आणि दिग्दर्शक कोण, प्रयोग कुठे आणि कधी झाला?
२. माझं काम नेमकं काय होतं?
३. आमच्याजवळ काय होतं? म्हणजे किती पैसे, किती दिवस, किती माणसं?
४. अडचण कोणती आली?
५. ती कशी सोडवली, आणि पुढच्या वेळी मी काय वेगळं करीन?

चौथं आणि पाचवं उत्तर सगळ्यांत मोलाचं. सगळं सुरळीत झालं असं लिहिणाऱ्यापेक्षा, ‘झाड पडत होतं, म्हणून मागे टेकू देऊन त्यावर वाळूची पिशवी ठेवली’ असं लिहिणारा माणूस जाणत्याला जास्त आवडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यांत जपून लिहायचं. नाटक हे एकट्याचं काम नसतं. सेटचा आराखडा ताईने केला आणि तुम्ही तो रंगवला, तर ‘रंगकाम – मी, आराखडा – अमुक ताई’ असंच लिहा. रंगवणंही छोटं काम नाही! पण आराखडाही माझाच असं लिहिलंत, तर काय होईल? समोरचा विचारील, “हा दरवाजा डावीकडेच का ठेवला?” आणि तुमची दातखीळ बसेल. शिवाय ज्या ताईचं नाव गेलं, तिच्याजवळ तिच्या मेहनतीचा दुसरा पुरावा नसतो. सेट तर केव्हाच मोडला! पडद्यामागच्या माणसाजवळ श्रेय हीच शिल्लक असते. ती कोणी कोणाची घेऊ नये.

फोटो काढाल तर…

फोटो रंगीत तालमीत काढावेत. रंगीत तालीम म्हणजे पोशाख, रंग, दिवे सगळं लावून केलेली शेवटची तालीम. ऐन प्रयोगात मोबाईल काढला की प्रेक्षकांचाही रसभंग होतो आणि नटांचाही. फ्लॅश बंद ठेवा. तो चमकला की प्रकाशयोजना फोटोतून पुसली जाते आणि उरतो नुसता पांढरा उजेड. ज्यांचे फोटो काढाल, त्यांना आधी विचारा. आणि शेकडो फोटो साठवण्यापेक्षा दहा निवडा. निवडता येणं हीसुद्धा कलाच आहे, बरं का!

स्नेहसंमेलनापासून सुरुवात

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीतली एक मुलगी विंगेत उभी होती. तिला रंगमंचावर जायची भीती वाटायची, म्हणून तिने वस्तू सांभाळण्याचं काम मागून घेतलं. बारा मुलांच्या हातात बारा वस्तू वेळेवर द्यायच्या होत्या. तिने चौकटीच्या वहीत तक्ता आखला आणि दिलेल्या वस्तूपुढे बरोबरची खूण करत गेली. एकही वस्तू चुकली नाही. गटाच्या फोटोत ती दिसत नाही. पण पुढच्या वर्षी नव्या चौथीने तेच नाटक बसवायला घेतलं, तेव्हा त्यांनी कोणाला शोधलं असेल? नटांना नाही, त्या तक्त्याला! पाचवीत गेलेली ती मुलगी वही घेऊन आली आणि धाकट्यांना समजावू लागली. तेव्हा तिचा आवाज मुळीच कापत नव्हता.

म्हणून यंदाच्या स्नेहसंमेलनात तुम्हीही एक वही घाला. जत्रेतला देखावा असो, गणेशोत्सवाची आरास असो, तीही त्यात येऊ द्या. फक्त एक पथ्य पाळायचं. विजेच्या तारांना हात लावणं आणि शिडीवर चढून दिवे टांगणं हे मोठ्यांचं काम. तुम्ही खालून टिपणं काढायची.

आई-बाबांसाठी दोन शब्द

“पडद्यामागे काम करून पोट भरतं का?” हा तुमचा प्रश्न रास्त आहे. व्यावसायिक नाटकात पैसे बहुधा नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात आणि काम बारमाही असतंच असं नाही. म्हणून शिक्षण सोडून या वाटेला लागू नये. पण या कामाचं रीतसर शिक्षण आहे, हेही ध्यानात घ्यावं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झालं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी २००३ पासून. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला तर पदवीबरोबरच नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र बक्षिसं असतात. आणि नाटकात टिकलेली ही कौशल्यं चित्रपटात, दूरचित्रवाणीवर, प्रदर्शनांत, समारंभांतही लागतात.

मूल पुढे नाटकात गेलं नाही, तरी बिघडलं काय? आपण काय केलं, कसं केलं, कोणाच्या मदतीने केलं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची सवय कोणत्याही धंद्यात उपयोगीच पडते. तेव्हा कपाटातली एक कोरी वही तेवढी काढून द्या. फेविकॉल आणि कात्री मुलं स्वतःच शोधतील!