चिखलात रुतलेली नौका

श्रावणातील पौर्णिमा आली की कोकणातील कोळी दर्याला नारळ अर्पण करून आपली होडी पाण्यात लोटतो; आणि त्याच महिन्याची अमावास्या आली की आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून त्याची पूजा करतो. नारळी पौर्णिमा आणि पोळा या दोन सणांत अंतर अवघे पंधरा दिवसांचे. परंतु समुद्र आणि आमचा मुलूख यांच्यातील अंतर फार मोठे. आमच्या जाम नदीचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी पुढे गोदावरीतून पूर्वसमुद्रास जाते. पश्चिमेच्या समुद्राशी आमचा संबंध म्हणजे सुट्टीतील सहलीपुरता. असे असता एका रुतलेल्या शिडाच्या नौकेची हकिकत आम्ही वाचकांपुढे का मांडीत आहो, असा प्रश्न कोणास पडेल. त्याचे उत्तर आमच्या मामांपाशी आहे.

२०२३ सालची दिवाळी. त्याच ऑक्टोबरात पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला होता, सौंसर तालुका त्यात आला होता, आणि घरोघरी तोच विषय चालू होता. आम्ही मात्र मुलाबाळांसह जंजिरा पाहावयास निघालो. बरोबर मामा होते. वय सत्तरीच्या घरात, सौंसरजवळ संत्र्याची बाग आणि थोडा कापूस. आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता.

मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होड्या प्रवाशांना किल्ल्याकडे नेतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आम्ही उतरलो होतो ते घर खाडीच्या आतल्या अंगाला होते. पहिल्याच सकाळी फिरावयास गेलो असता कांदळवनाच्या कडेला, पाण्यापासून बरीच दूर, एक नौका कलंडलेली दिसली. तिच्याभोवती पाणी नव्हते. नुसता काळा, चकचकीत, गुडघाभर खोल गाळ. मामा थबकले आणि म्हणाले, "अरे, हे तं आपली बंडी फसली तशी फसली!"

नौका एका वृद्ध तांडेलांची होती. कोजागिरीच्या रात्री, म्हणजे २८ ऑक्टोबरला, दोर तुटला आणि वाऱ्याने व उधाणाने मिळून तिला येथवर आणून टाकले. त्या रात्री चंद्रग्रहण होते हे वाचकांना आठवत असेल. आटवलेले दूध केव्हा प्यावे यावर पुष्कळ घरी वाद झाले. पण त्या पौर्णिमेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. दोनच दिवस आधी चंद्र आपल्या कक्षेत पृथ्वीच्या निकट बिंदूपाशी येऊन गेला होता, म्हणून उधाण नेहमीहून मोठे आले. मोठ्या पाण्याने नौका वर नेली. पाणी परतले, नौका राहिली.

येथे भरती-ओहोटीचा हिशेब थोडक्यात सांगणे भाग आहे. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही तिथींच्या आसपास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन मोठी भरती येते, तेच उधाण. अष्टमीच्या सुमारास भरती सर्वांत लहान, तिला भांग म्हणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीस आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास, अमावास्येस बाराच्या आगेमागे. शिवाय पावसाळ्यात दिवसाचे उधाण मोठे, तर हिवाळ्याकडे रात्रीचे मोठे, हेही तेथील माणसाला पाठ असते. तेव्हा कोजागिरीनंतरची पुढली संधी म्हणजे दिवाळीची अमावास्या. मात्र त्या वेळी चंद्र तितका जवळ नव्हता, आणि कोजागिरीचे पाणी जेथवर चढले तेथवर दिवाळीचे पाणी चढणार नव्हते. पाणी नौकेकडे येणार नाही; नौकेलाच पाण्याकडे न्यावे लागणार.

ती संधी हुकली तर पुन्हा पंधरा दिवस. दिवाळीची सुट्टी हा तेथील होडीवाल्यांच्या कमाईचा मोसम. शेजारच्या होड्या दिवसभर फेऱ्या मारीत होत्या आणि तांडेलांचे दोन्ही मुलगे दुसऱ्यांच्या होडीवर मजुरी करीत होते. त्यातच लाकडी नौका उन्हात पडून राहिली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. नौकेच्या दुरुस्तीसाठी पावसाळ्यापूर्वीच कर्ज काढलेले होते. तांडेल हे सारे अगदी शांतपणे सांगत होते. आम्हांलाच ऐकवेना.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, १२ नोव्हेंबरला, भरतीचे पाणी कोठवर आले ते पाहण्यास तांडेल कंदील घेऊन गेले. फेसाची आणि पाल्याची रेघ नौकेच्या खाली चौदा पावलांवर उमटली होती. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण आणखी थोडे वाढते. म्हणून पाडव्याच्या रात्रीची भरती धरावयाची आणि तोवर ही चौदा पावले तोडावयाची असे ठरले.

मामांनी सकाळीच सल्ला दिला. "काहो भाऊ, गावातले चाळीस माणसं लावा. एकदम जोर केला तं निंगन ना हे!"

तांडेल हसले. "मामा, जोर लावायला पाय कुठं टेकणार? माणूस ओढंल तेवढा तोच खाली जाईल."

मामा दोन पावले गाळात उतरले, मांडीपर्यंत रुतले, आणि त्यांना दोघांनी ओढून काढावे लागले. त्यानंतर त्यांनी माणसांचा विषय काढला नाही.

काम ओहोटीतच होणार, आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे-सकाळी व सायंकाळी पडते. आधी नौका हलकी केली. डोलकाठी उतरवली, शीड आणि त्याचे परबाण काढले, तळाशी तोल राखण्यासाठी भरलेले निरमाचे दगड पाट्यांनी बाहेर आणले. एवढे करूनही तांडेलांच्या अंदाजाने वजन चार टनांच्या आसपास उरले. मग खरी अडचण पुढे आली. मऊ चिखलात रुतलेली वस्तू नुसती जड नसते, ती चिकटलेली असते. तळ आणि गाळ यांच्यामध्ये हवा वा पाणी शिरावयास वाव नसतो. वर उचलू लागताच खाली पोकळी होऊ पाहते आणि बाहेरचा दाब वस्तूला दाबून धरतो. चिखलातून पाय काढताना जो 'चप्प' आवाज होतो, तो ही पकड सुटल्याचा.

येथे मामांना राहवले नाही. आमच्याकडील काळी माती पाणी पिऊन फुगणारी. मृगाच्या पावसात बंडीचे चाक आसापर्यंत जाते. मामा म्हणाले, "आमच्याकडं फसली बंडी सरळ नाई ओढत. बैलाले मारूनही काही होत नाई. जू आधी डावीकडं, मंग उजवीकडं. चाक हाललं का मातीची मिठी सुटते. आन् चाकाखाली पऱ्हाट्या."

"पऱ्हाट्या म्हणजे?" तांडेलांनी विचारले. कापूस वेचून झाल्यावर राहिलेली झाडे, हे आम्ही सांगितले. तांडेलांनी मागच्या बाजूला बोट दाखवले: माडाच्या झावळ्यांचा ढीग पडला होता. त्यांचीही योजना तीच होती. दोघांचे तेव्हापासून जमले.

नौकेचा कणा, ज्याला तेथे पठाण म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंनी गाळ उकरून चर पाडला. चरात पाणी ओतले, आणि बाजूला उभे राहून सहा माणसांनी नौका पाळण्यासारखी डोलवली. कितीतरी वेळ काहीच झाले नाही. मग तळाखालून बुडबुडे आले. पुढे झावळ्यांचे दाट थर, त्यावर लांबीने फळ्या, फळ्यांवर ग्रीस आणि ओला गाळ. माणसाच्या टाचेखाली दबणारा चिखल फळीखाली दबत नाही, कारण तेच वजन अनेकपट जागेवर पसरते. ओढण्यासाठी माणसे नव्हेत, नांगर वापरला. तो दूर खाडीच्या कडेला गाळात पुरला, त्यापुढे आडवी फळी रोवली, आणि त्यापासून कप्प्यांमधून दोर आणला. ज्या गाळाने नौका धरली होती त्यानेच नांगरही धरला. दोर नाळेला एकट्याने बांधला नाही, सबंध नौकेला वेढा घालून बांधला. नुसती नाळ ओढली तर ती उपटून हाती येते. 'नांगर' हा शब्द ऐकून मामा कितीतरी वेळ त्या लोखंडी आकड्याकडे पाहत होते. त्यांच्या घरीही नांगर आहे. तो जमीन उलथतो.

सोमवारी सकाळी पाच पावले. सायंकाळी दोनच, कारण एक फळी मोडली. मंगळवारी, पाडव्याच्या पहाटे, चार.

मधल्या वेळेत मुलांना आम्ही १४५३ सालची गोष्ट सांगितली. कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात बंदराचे तोंड साखळीने बंद असल्यामुळे सुलतान दुसरा महंमद याने सुमारे सत्तर जहाजे चरबी फासलेल्या लाकडांवरून टेकडीपलीकडे नेऊन पाण्यात उतरवली. त्या कामाला बैलही जुंपले होते, हे ऐकून मामा खूश झाले. मुंबईची गोष्ट तांडेलांना ठाऊक होती: २०११ च्या पावसाळ्यात जुहूला वाळूत बसलेले 'पवित' हे जहाज ऑगस्टच्या मध्यास, नारळी पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांतच सुटले. मोठमोठी यंत्रे असूनही वाट पाहावी लागली ती तिथीची. उलट जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर आदळलेले 'बसरा स्टार' हे जहाज वर्षानुवर्षे तेथेच गंजत पडले.

पाडव्याच्या सायंकाळी, ओवाळणी आटोपून, माणसे पुन्हा गाळात उतरली. उरलेली तीन पावले निघाली. मग ओहोटीतच डिझेलची बारा रिकामी पिंपे, तोंडे घट्ट बंद करून, नौकेच्या दोन्ही अंगांना अगदी खाली बांधली. दोनशे लिटरचे पिंप बुडाले की स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १८० किलो उचलते. बारांचे मिळून दोन टनांहून अधिक, म्हणजे नौकेचा निम्मा भार. बाकीचा भार पाणीच उचलणार.

अकरानंतर पाणी चढू लागले. पलीकडच्या काठावर फटाके वाजत होते, घरांवर आकाशकंदील होते, आणि येथे सगळे गप्प. पाणी फळ्यांवर आले, पिंपांवर आले. साडेबारा होत आले तरी नौका ढिम्म. तांडेलांच्या धाकट्या मुलाने दोराला हात घातला. तांडेलांनी नुसती मान हलवली. पाणी थांबल्यासारखे वाटले. तेव्हा मामा, आता फळीवर पाय रोवून, नौकेच्या अंगाला खांदा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "डावीकडं." सहा जणांनी डावीकडे रेटले. "आता उजवीकडं." तिसऱ्या हेलकाव्याला ती उचलली गेली. आवाज काही झाला नाही. फक्त मामांच्या खांद्यावरचा भार एकाएकी नाहीसा झाला आणि ते कंबरभर पाण्यात पुढे पडले.

त्या नौकेतून जंजिऱ्यास जाण्याचा योग मात्र आम्हांस आला नाही. सतरा दिवस सुकलेले सांधे पाणी आत घेत होते. लाकूड फुगेपर्यंत ती नांगरून ठेवून सारखे पाणी उपसावे लागले. भाऊबीजेला किल्ला पाहिला तो दुसऱ्याच्या होडीतून. मामा आले नाहीत. ते दिवसभर तांडेलांबरोबर फळ्या धुऊन मोजीत बसले होते. एक फळी सापडत नव्हती.

त्रिपुरी पौर्णिमेला सौंसरास फोन आला. नौका फेऱ्या मारू लागली होती. मामांनी पहिला प्रश्न विचारला तो फळीचा.