आटलेल्या सरोवराची धूळ आणि परतलेले पक्षी

धुळीचा कण जितका लहान, तितका तो शरीरात खोल जातो. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या ओलाव्यात अडकते. दहा मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढे कण मात्र श्वासनलिकेपर्यंत पोहोचतात, आणि त्यातले सर्वांत बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत जाऊन बसतात. दमा असलेल्या मुलाला धाप लागते, जुनाट खोकल्याच्या म्हाताऱ्या माणसाला दवाखाना गाठावा लागतो, हृदय आधीच थकलेले असेल तर त्याच्यावरचा ताण वाढतो. या कणांना ‘पीएम १०’ म्हणतात, आणि हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या बातम्यांमुळे हे नाव आता घरोघरी माहीत झाले आहे. अमेरिकेत मात्र या धुळीची सर्वांत मोठी एकच एक जागा कित्येक वर्षे कुठलेही महानगर नव्हती. तिथे ना कारखाना होता, ना वाहनांची गर्दी. ते होते एक आटलेले सरोवर.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, ओवेन्स नावाचे लांबट खोरे आहे. पर्वतावरचा बर्फ वितळून ओवेन्स नदी वाहते आणि खोऱ्याच्या दक्षिण टोकाला एका सरोवरात संपते. या सरोवराला समुद्राकडे वाट नाही. त्यामुळे हजारो वर्षांचे क्षार तिथे साठत गेले. पायूट आदिवासी या खोऱ्यात पाट काढून पाणी फिरवत, नंतर गोरे शेतकरी आले. सरोवराचे क्षेत्र सुमारे २८० चौरस किलोमीटर होते आणि स्थलांतरित पाणपक्ष्यांचा तो मोठा मुक्काम होता.

तिकडे दक्षिणेला लॉस एंजेलिस वाढत होते आणि त्याला पाणी पुरत नव्हते. शहराचे मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड यांनी सुमारे ३७५ किलोमीटर लांबीची जलवाहिनी बांधली. वाटेत एकही पंप नाही, सगळे पाणी उतारानेच वाहते. अभियांत्रिकी म्हणून आजही तोंडात बोट घालावे असे काम. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी शहरात पोहोचले. नदीचा खालचा सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा कोरडा पडला आणि १९२०च्या दशकात सरोवर जवळजवळ संपूर्ण आटले. मागे उरला पांढरा, मिठाचा पापुद्रा धरलेला तळ.

त्या तळावरून वारा सुटला की धूळ उठे. २४ तासांच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. इथे काही दिवशी तिच्या शंभर पटीपर्यंत नोंदी झाल्या. धुळीत क्षारांबरोबर आर्सेनिक आणि कॅडमियमही होते. काठावरच्या कीलर या लहानशा वस्तीत अशा दिवशी दारे-खिडक्या बंद करून बसण्यावाचून लोकांना दुसरा उपाय नसे. शहराच्या नळाला पाणी आणि दुसऱ्याच गावाच्या छातीत धूळ, असा हा सौदा पाऊण शतक चालला. रुग्णाला औषध देऊन घरी पाठवणे वैद्यकाच्या हातात असते. धूळ उडू न देणे हे काम पाणी खात्याचे होते, आणि ते खाते दुसऱ्या शहरातले होते.

१९८३ मध्ये राज्याने कायदा केला. पाणी नेल्यामुळे जी धूळ होते तिच्या बंदोबस्ताचा खर्च शहराकडून वसूल करण्याचा अधिकार स्थानिक हवा प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला मिळाला. वाद, अहवाल, सुनावण्या यांत आणखी बरीच वर्षे गेली. अखेर १९९८ मध्ये करार झाला आणि २००१ मध्ये तळाच्या काही भागावर पाणी सोडण्यास सुरुवात झाली. सरोवर पुन्हा भरायचे नव्हते, तेवढे पाणी परत द्यायला शहर तयारच नव्हते. बांध घालून वाफे करायचे आणि जमीन ओली राहील एवढेच उथळ पाणी त्यात ठेवायचे, असे ठरले. काही भागात खारे गवत लावले, काही ठिकाणी खडी पसरली.

पुढे जे घडले त्याची अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती. धुळीसाठी सोडलेल्या त्या काही इंच पाण्यात शेवाळ धरले. शेवाळावर खाऱ्या पाण्यातल्या माशांची, म्हणजे घरमाशीसारख्या छोट्या माशांची, अमाप पैदास झाली. त्यांच्या अळ्या खायला पक्षी आले. उंच पायांचे दलदली पक्षी, बदके, पाणडुब्या, आणि उघड्या खारट जमिनीवर खळगा करून अंडी घालणारा चिखल्या कुळातला एक फिकट, मूठभर पक्षी. पक्षीप्रेमींनी वसंत ऋतूत एका दिवसात केलेल्या गणनेत लाखाच्या वर पक्षी भरले. आपल्याकडे उजनीचे पाणी ओसरून चिखलाचा काठ उघडा पडला की रोहित पक्षी उतरतात, त्यामागचे गणित हेच आहे. अशा पक्ष्यांना खोल पाण्याचा उपयोग नसतो. त्यांना पायाच्या लांबीएवढे पाणी आणि चोचीच्या टप्प्यात अन्न हवे असते.

आता अडचण दुहेरी झाली. पाणी गोडे ठेवले तर लव्हाळे माजते, फार खारे झाले तर अळ्या जगत नाहीत. शिवाय धुळीचा हंगाम ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत. त्यानंतर धुळीसाठी पाण्याची गरज नाही, पण पिलांना तर नेमकी तेव्हाच असते. म्हणून आता पाणी सोडताना आणि बंद करताना घरट्यांचाही विचार करावा लागतो. आणि हे पाणी थोडेथोडके नव्हे. शहराने या तळावर एकेका वर्षात अडीच टीएमसीहून अधिक पाणी ओतले आहे, म्हणजे खडकवासला धरणात मावते त्याहून जास्त. एकूण खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला. धूळ मात्र पूर्वीच्या मानाने फार कमी झाली.

खोऱ्यातल्या माशांची कथा याहून नाजूक आहे. ओवेन्स पपफिश हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा जगात फक्त याच खोऱ्यात मिळतो. तो नामशेष झाला असे मानले जात होते, पण १९६४ मध्ये एका दलदलीत पुन्हा सापडला. १८ ऑगस्ट १९६९ रोजी ते डबके झपाट्याने आटू लागल्याचा निरोप आल्यावर राज्याच्या मत्स्य विभागातले जीवशास्त्रज्ञ फिल पिस्टर धावत गेले. उरलेले सुमारे ८०० मासे पकडून त्यांनी ते दोन बादल्यांतून सुरक्षित पाण्यात हलवले. त्या वेळी एक संपूर्ण प्रजाती एका माणसाच्या दोन हातांत होती. आजही हा मासा मोजक्याच झऱ्यांत आणि तळ्यांत टिकून आहे. बाहेरून आणून सोडलेले मोठे मासे त्याला खातात आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणलेला गंबुशिया त्याच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतो. हिवतापविरोधी कामात डबक्यांत मासे सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बंदिस्त हौदात गप्पी मासे सोडणे वेगळे आणि वाहत्या ओढ्यात सोडणे वेगळे.

नदीच्या कोरड्या पट्ट्यात पाणी परत यायला २००६चा डिसेंबर उजाडावा लागला. शहराने हे काम कबूल करूनही लांबवले, तेव्हा २००५ मध्ये न्यायालयाने रोज ५ हजार डॉलरचा दंड लावला होता. आता तिथे सेकंदाला सुमारे ११०० लिटर पाणी कायम वाहते, आणि सरोवराच्या अलीकडे पंपाने उचलून बरेचसे धुळीच्या वाफ्यांत किंवा जलवाहिनीत जाते. म्हणजे तेच पाणी नदीला, माशांना आणि मग छातीला असे क्रमाने कामी येते. हे सगळे सुरळीत चालले आहे असे मात्र नाही. बारा महिने एकाच मापाचे पाणी वाहिल्यामुळे लव्हाळे आणि पाणकणीस माजून पात्र तुंबले. साचलेल्या काडीकचऱ्यामुळे उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे मरतात. वाळुंजाची झाडेही अपेक्षेएवढी उगवली नाहीत. नदीला नुसते पाणी पुरत नाही, वर्षातून एखादा पूरही लागतो.

एवढे पाणी परत देऊनही लॉस एंजेलिस तहानेले राहिले नाही, याचे कारण शहरातल्या संडासांत आहे. उत्तरेच्या मोनो सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांतले पाणी कमी उचलावे असा निर्णय १९९४ मध्ये झाला. त्याच सुमारास पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मातांच्या संघटनेने घरोघरी जुन्या टाक्या बदलून कमी पाण्याच्या टाक्या बसवण्याची मोहीम चालवली. जुनी टाकी एका वेळी १३ ते १९ लिटर पाणी सोडे, नवी ६ लिटर. शहराची लोकसंख्या १९७०च्या दशकापेक्षा दहा लाखांहून अधिक वाढली, तरी एकूण पाणीवापर तेव्हापेक्षा कमी आहे.

सध्याचा वाद वाफ्यांचाच आहे. दुष्काळी वर्षांचा अनुभव घेतलेल्या शहराला तळावरचे पाणी वाचवून त्याजागी नांगरट किंवा खडी हवी आहे. त्याने धूळ तेवढीच थांबते, पण खडीवर अळ्या होत नाहीत. २०१४च्या करारात बिनपाण्याच्या उपायांना वाव मिळाला. त्यामुळे कोणता वाफा सुकवायचा आणि कोणता ओला ठेवायचा, याची आखणी आता हवेच्या मोजमापाबरोबर पक्ष्यांची यादीही हातात घेऊन करावी लागते.