कचेरीच्या गावातली लेखणी

बुलढाणा जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं माणूस कोण, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. घाटावर सिंदखेडराजा, देऊळगावराजा, मेहकरच्या बाजूला असाल, तर पहिलं नाव जिजाऊंचं येणार. घाट उतरून नांदुरा, शेगाव, खामगावकडे गेलात, तर गजानन महाराजांचं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतही हीच दोन नावं वर असतात. मग लोणारचं सरोवर येतं, जणू तेही जिल्ह्यातलं एक नामवंत माणूसच आहे.

या दोन नावांबद्दल वाद नाही. १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजी जाधवरावांच्या घरी सिंदखेडला मुलगी जन्मली, तिचा मुलगा छत्रपती झाला. जुलै १६२९ मध्ये लखुजी, त्यांची मुलं अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव यांना निजामशहानं दौलताबादेत दरबारात बोलावून दगा दिला. सिंदखेडची लखुजींची समाधी आजही पाहणाऱ्याला गप्प करते. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी बंकटलाल अग्रवालांच्या नजरेला उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक तरुण पडला. ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यानं समाधी घेतली. पुढे दासगणूंनी एकवीस अध्यायांची पोथी रचली आणि शेगाव महाराष्ट्राच्या घराघरांत गेलं. त्या संस्थानाची शिस्त घडवणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये गेले. विश्वस्त असून ते संस्थानातलं पाणीसुद्धा पीत नसत, असं शेगावकर अजून सांगतात.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. जिजाऊ इथे जन्मल्या, पण त्यांचं कर्तृत्व पुण्याच्या आणि रायगडाच्या मुलखात घडलं. देह त्यांनी पाचाडला ठेवला. महाराज कुठून आले ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे एक इथून गेलं, एक इथे आलं. इथेच जन्मून, इथेच संसार करून, इथल्याच धुळीत बसून ज्यांनी काही निर्माण केलं त्यांचं काय? त्यांची यादी केली की एक मजेशीर गोष्ट दिसते. त्यातली बरीचशी माणसं लिहिणारी आहेत. आणि त्यांच्यातल्या पहिल्या बाईला तिच्याच जिल्ह्यात, माझ्या मते, अजून तिची जागा मिळालेली नाही.

लिहिणारीच का, याचं कारण भूगोलात सापडतं. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. साहेबांनी जिल्ह्याचं ठाणं करायला अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं थंड हवेचं बुलढाणा निवडलं. पैसा मात्र घाटाखालीच राहिला. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा खालूनच गेला. खामगावच्या कापसासाठी जलंबहून खास फाटा काढला, तोही १८७० मध्येच. बुलढाण्याला आजतागायत रेल्वे नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी झाली, तिच्यावर निवडणुका लढून झाल्या, रूळ काही पडले नाहीत. बाजारपेठ नाही, गिरणी नाही, बंदर तर नाहीच. बुलढाण्याकडे होती ती कचेरी. कारकून, वकील, अर्जनवीस, शाळामास्तर आणि कागद.

याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. सत्यशोधक विचारांचे गृहस्थ. शिकलेल्या देशी लोकांना चार गोष्टी सुनावणारं एक पुस्तक त्यांनी १८७१ मध्ये छापलं होतं. त्यांना चार मुलगे आणि एकच मुलगी, तारा. तिचा जन्म १८५० च्या सुमाराचा. मुलींच्या शाळेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून वडिलांनी तिला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न लावलं, पण जावई घरजावई करून घेतला. त्यामुळे तारा सासरी गेलीच नाही. त्या काळच्या मराठा घरातल्या बाईला हा केवढा मोठा मोकळेपणा होता, ते आज ध्यानात येणं अवघड आहे. पुढे तिला मूलबाळ झालं नाही.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. लोकलाजेच्या भीतीनं तिनं आपलं नवजात मूल मारलं होतं. तिला फाशीची शिक्षा झाली, मग अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. बायका किती बिघडल्या आहेत यावर रकानेच्या रकाने भरू लागले. 'पुणे वैभव'नंही त्यात भर घातली. ते मूल ज्याचं होतं त्या पुरुषाचा पत्ता कुणी विचारला नाही. बुलढाण्यात बसून हे वाचणाऱ्या तिशीतल्या ताराबाईंनी तो विचारला.

'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे, पानं पन्नासच्या आसपास. प्रस्तावनेत बाई स्वतःला घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची म्हणवून घेतात. हा विनय तेवढ्यापुरताच. पुढची सगळी पानं म्हणजे एका दमात केलेली उलटतपासणी आहे. नवरा देव मानायचा, तर त्यानं देवासारखं वागायला नको का? बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला मोकळीक, आणि नवरा मेला की बाईनं जन्मभर तोंड लपवायचं, हा न्याय कुणी केला? साहस, कपट, लोभ, चंचलपणा हे दुर्गुण बायकांचे म्हणून शास्त्रांत मोजले जातात. ताराबाई त्यांतला एकेक उचलतात आणि तो पुरुषांच्या पदरात किती भरलेला आहे ते दाखवतात. पुराणातल्या देवादिकांना त्या सोडत नाहीत, पगडी-जोड्यांत विलायती झालेल्या सुधारकांनाही नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुस्तकातलं दुसरं अंग, ज्याकडे फार कमी लक्ष गेलं. ताराबाई त्या वेळी लोकप्रिय असलेल्या पुस्तकांचाही हिशेब मागतात. 'स्त्रीचरित्र', हळब्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक ही त्या पिढीची करमणूक होती. यांतल्या बायका अशाच का, आणि त्या रंगवणाऱ्यांनी घराबाहेरची खरी बाई कधी पाहिली आहे का, असं त्या खडसावून विचारतात. मराठी कादंबरी जेमतेम पंचवीस वर्षांची होती तेव्हा तिच्यातल्या स्त्रीचित्रणावर टीका करणारी वाचक बुलढाण्यात बसली होती. मराठी समीक्षेच्या इतिहासात ही नोंद ठळक असायला हवी. भाषा तर अशी की आजही वाचताना कुणीतरी समोर हातवारे करत बोलतंय असं वाटतं. पुण्याच्या प्रमाण गद्यात न बसणारी, म्हणींनी आणि शिव्याशापांनी भरलेली, परसदारी ऐकू येणारी मराठी.

त्याच वर्षी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला निघाल्या आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला फिलाडेल्फियाला. या दोघींचं नाव जगात झालं, ते योग्यच झालं. ताराबाई बुलढाण्यातच राहिल्या. त्यांच्या पुस्तकावर पुण्या-मुंबईत कुणी सभा भरवली नाही. उलट टीकाच झाली, तीही सत्यशोधकांपैकीच काहींकडून. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, त्यांना 'चिरंजीविनी' म्हटलं आणि स्वतःच्याच सोबत्यांना फटकारलं. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या असं मानतात. म्हणजे शेगावात समाधीचा सोहळा झाला त्याच काळात घाटावर ही बाई शांतपणे संपली.

पुढे साठ-पासष्ट वर्षं पुस्तक गडप होतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि ताराबाई परदेशी विद्यापीठांत शिकवल्या जाऊ लागल्या. स्त्रीवादावरच्या इंग्रजी ग्रंथांत बुलढाण्याचं नाव येतं ते यांच्यामुळे. जिल्ह्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

कचेरीची परंपरा इथे तुटली नाही. विसाव्या शतकात ती वकिलांकडे गेली. यादव माधव काळे हे बुलढाण्याचे वकील. त्यांनी १९२४ मध्ये 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला आणि दहा वर्षांनी 'नागपूर प्रांताचा इतिहास'. पुण्याच्या इतिहासकारांना वऱ्हाड म्हणजे भोसल्यांच्या स्वाऱ्यांची वाट. काळ्यांनी मात्र वऱ्हाड मध्यभागी ठेवून लिहिलं. साखरखेर्डा हे आज मेहकरजवळचं साधं गाव. तिथे १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाला मारलं आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. शाळेतल्या इतिहासात हे गाव किती ओळींत येतं ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

मेहकरला दुसरे वकील होते, नागोराव घनश्याम देशपांडे. जन्म १९०९, घाटावरच्याच सेंदुरजन गावचा. वकिली मेहकरच्या कोर्टात, मुक्काम मेहकरला, आणि कविता मात्र साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाजली ती पुस्तकामुळे नव्हे, तबकडीमुळे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी नावाच्या तरुणानं ती गायली आणि मराठी भावगीताचं युग तिथून सुरू झालं असं मानतात. गंमत अशी की गोविंद नारायण जोशी हेही १९०९ चेच, जन्म घाटाखाली खामगावचा, आणि शिक्षणानं तेही वकीलच. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. मराठी भावगीताचा उगम एका परीनं या जिल्ह्यातच झाला. याचा साधा फलकसुद्धा कुठे लावावा असं कुणाला सुचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. जोशी मुंबईला एच.एम.व्ही.त गेले, ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. देशातल्या थोर थोर गायक-वादकांना माईकसमोर बसवण्याचं काम त्यांनी केलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या तरुणांनी डोक्यावर घेतली, तिच्यामागेही जोशीच होते. ना. घ. मेहकर सोडून गेले नाहीत. गाणं घरोघर पोचल्यावर वीसेक वर्षांनी, १९५४ मध्ये, त्यांचा 'शीळ' हा पहिला संग्रह आला. एवढी प्रसिद्धी हाताशी असताना एवढा संयम. मग 'अभिसार', आणि 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. 'कंचनीचा महाल' या संग्रहाचं नाव मेहकरातल्याच एका जुन्या वास्तूचं आहे. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनीनं तो उंच बांधला, असं तिथे सांगतात. ना. घ. २००० साली वारले. तालुक्याच्या कोर्टातला वकील राहून कवीला आयुष्य काढता येतं, एवढंच नव्हे तर पुण्या-मुंबईच्या मैफलींपासूनचा दुरावा कवितेला मानवतोही, हे त्यांनी दाखवलं.

राजकारणातली नावं पटकन सांगून टाकतो, कारण ती विसरली जाण्याची भीती नाही. मुकुल वासनिक १९८४ मध्ये पंचविसाव्या वर्षी बुलढाण्याचे खासदार झाले. खामगावचे भाऊसाहेब फुंडकर राज्याचे कृषिमंत्री असताना २०१८ मध्ये वारले. प्रतापराव जाधव २००९ पासून खासदार आहेत आणि २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री. राधेश्याम चांडकांनी १९८६ मध्ये बुलढाणा अर्बन पतसंस्था काढली आणि गावाचं नाव पतसंस्थेच्या पाटीवरून दूरदूर पोचवलं. कचेरीच्या गावाला हिशेबाची वही बरोबर शोभली. अलीकडचा आनंद तिरंदाजीचा. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या कंपाउंड संघात होता.

पण लेखणीचा धागा अजून हाती आहे, तो सदानंद देशमुखांमुळे. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा हा शेतकऱ्याचा मुलगा बुलढाण्यात प्राध्यापक झाला. २००२ मध्ये आलेल्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरीतला एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. झालेला आहे. नोकरीसाठी संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत आणि शेती पोट भरत नाही. शिकलेली बायको त्या घरात घुसमटते, सासूशी तिचं पटत नाही. शेतकरी आत्महत्यांवर पुढे अहवाल निघाले, पॅकेजं आली, समित्या आल्या. त्या सगळ्याच्या आधी वऱ्हाडी बोलीत एका कोरडवाहू घराची जमा-खर्च वही देशमुखांनी उघडून ठेवली होती. शहरी समीक्षकांनी तिला ग्रामीण म्हणून वेगळ्या फळीवर ठेवलं. मला तो अन्याय वाटतो.

ताराबाईंच्या आणि देशमुखांच्या पुस्तकांत एकशेवीस वर्षांचं अंतर आहे. दोघांनीही घराच्या आतलं बोलायला घराच्याच आतली भाषा वापरली, ती सुधारून घेतली नाही, आणि दोघांनाही त्यासाठी बुलढाणा सोडावं लागलं नाही. कचेरीच्या गावानं जिल्ह्याला दिलेली ही खरी मिळकत आहे.

जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि वाचनालय चालवणाऱ्यांना एक सांगणं आहे. जिजाऊंची जयंती आणि महाराजांचा प्रकटदिन तुम्ही थाटात करताच, ते करावंच. पण यंदा 'स्त्री-पुरुष तुलना' वर्गात मोठ्यानं वाचायला घ्या. पन्नास पानांचं पुस्तक आहे, दोन तासांत संपतं. वाचनाला मुलींबरोबर मुलांनाही बसवा; ते त्यांच्यासाठीच लिहिलेलं आहे.