ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली, तर काय करावे?

हर्निया, पित्ताशयातील खडे, अंग बाहेर येणे अशा दुखण्यात डॉक्टर ऑपरेशन सांगतात, पण तारीख मिळते दोन-तीन महिन्यांनंतरची. ‘गरिबाला कोण विचारतो?’ म्हणत आपण केसपेपर पत्र्याच्या पेटीत टाकतो. इथेच चूक होते.

सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि खाटा मोजक्या असतात. अपघातातले जखमी, अडलेली बाळंतीण यांना आधी घ्यावे लागते. ते आपल्या हातात नाही. पण ठरलेल्या दिवशी रक्तदाब किंवा साखर वाढलेली, अंगात रक्त कमी, खोकला झालेला, नाहीतर सकाळी चहा-बिस्किट खाल्लेले, म्हणूनही रुग्ण परत पाठवले जातात. हे टाळणे आपल्या हातात आहे.

वाट पाहताना एवढे करा:

१. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या. कमी-जास्त असेल तर लगेच उपचार सुरू करा.

२. विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करा. तंबाखू, मिश्री आणि दारूही सोडा. भूल सोसते, जखम लवकर भरते.

३. रोजच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

४. उपाशी किती वाजल्यापासून राहायचे, हे विचारून लिहून घ्या.

५. मोबाइल नंबर बदलला तर रुग्णालयात कळवा. आठवडाभर आधी तारीख पक्की करून या.

६. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. योजनेत खासगी रुग्णालयेही आहेत. तिथे लवकर तारीख मिळू शकते. पैशाची अडचण असेल तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

धोक्याची खूण ओळखा. हर्नियाची गाठ आत जाईना, कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या. किंवा खड्याच्या रुग्णाला ताप आला, डोळे पिवळे झाले, तर तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा.

दुखणे हळूहळू वाढत असेल तर ओपीडीत पुन्हा दाखवा, त्रास केसपेपरवर लिहून घ्या आणि ‘तारीख अलीकडे घेता येईल का?’ असे स्पष्ट विचारा. आपली तब्येत बिघडली आहे, हे आपण सांगितल्याशिवाय रुग्णालयाला कळत नाही.