हेडलाइट का जातो? कारणाच्या शोधाचा एक घरगुती धडा

मागच्या व्याख्यानात आपण कारण आणि योगायोग यांतला फरक पाहिला. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, याचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय?" आज त्याचं उत्तर मोटारसायकलच्या हेडलाइटवरून देतो. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने वायरिंगवर बोलावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. या प्रकरणात आम्ही स्वतः आधी चुकलो, म्हणूनच बोलतो आहोत.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक तरुण आहे, पार्सलं पोचवण्याचं काम करतो. रात्री बऱ्याचदा आरे कॉलनीतून गोरेगावला जातो. गेल्या पावसाळ्यात महिन्याभरात त्याच्या गाडीचे हेडलाइटचे दोन बल्ब उडाले. पहिल्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, "पावसाचं पाणी गेलं." दुसऱ्या वेळी म्हणाला, "बल्ब लोकल होता." मग तो आमच्याकडे आला. आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितलं, चांगल्या कंपनीचा घे, काचेला बोटं लावू नकोस. तोही नऊ दिवसांत गेला, आणि गेला तो नेमका आरेतल्या अंधारात. खड्डा दिसला नाही, पोरगा पडला. कोपर सोलवटलं, थोडक्यात निभावलं. पण तो सल्ला आमचा होता, हे मनातून जाईना.

आता जरा मुळापासून बघू. दिवा लागणं ही एकट्या बल्बची करामत नाही. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, हँडलवरचा डिपरचा स्विच, कपलर, होल्डर, बल्ब आणि परत अर्थिंगच्या वायरीने बॅटरी, असा तो पूर्ण फेरा आहे. फेरा कुठेही तुटला तरी दिसतं एकच : अंधार. म्हणून पहिला प्रश्न 'काय बदलू?' हा नाही. पहिला प्रश्न आहे, 'तक्रार नेमकी कोणती?' तक्रारी तीन जातींच्या असतात. दिवा लागतच नाही, लागतो पण मंद, किंवा बल्ब पुन्हापुन्हा उडतो.

पहिली जात सोपी. अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, तर बॅटरी आणि मुख्य फ्यूज निर्दोष. दोष बल्बच्या त्या एका फिलामेंटमध्ये, डिपरच्या स्विचमध्ये किंवा त्या एका वायरीत. दोन्ही लागत नाहीत, पण हॉर्न आणि इंडिकेटर चालतात, तर बॅटरीवर संशय घेण्यात अर्थ नाही. हेडलाइटचा फ्यूज वेगळा असेल तर तो आधी पाहा. हँडल वळवताना दिवा लुकलुकतो, तर हँडलच्या मानेपाशी वाकूनवाकून वायर आतून तुटलेली असू शकते. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं, फसवतं. आणि एक लक्षात ठेवा : १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की हेडलाइट आपोआप लागण्याची सक्ती आहे. त्यामुळे नुसती चावी फिरवून दिवा लागला नाही, तर तो बिघाड असेलच असं नाही.

दुसरी जात मंद दिव्याची. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत कपलरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, अर्थिंगचा बोल्ट गंजतो. बल्ब काढून मल्टिमीटर लावलात तर १२ व्होल्ट दिसतील आणि तुम्ही म्हणाल, सगळं ठीक. पण ३५ वॉटचा बल्ब जवळजवळ ३ अँपिअर ओढतो, तेव्हा त्या गंजाची खरी परीक्षा होते. म्हणून दिवा चालू असतानाच मोजा. व्होल्टेज १० टक्के घटलं तर फिलामेंटच्या बल्बचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो. तिथे ॲक्सिलरेटरबरोबर उजेड कमी-जास्त होणं हा स्वभाव आहे, आजार नाही. आणि तिथे मीटर डीसीवर ठेवलात तर तो भलताच आकडा सांगेल. प्रश्न चुकला की उत्तरही चुकतं, यात मीटरचा दोष नाही.

आमच्या पोराची तक्रार तिसऱ्या जातीची. आता न्यायदर्शनातलं गाढव आठवा. कुंभाराच्या गाढवावरून माती येते, म्हणून गाढव मडक्याचं कारण ठरतं का? नाही. ते अन्यथासिद्ध, म्हणजे सोबत असलेलं पण कारण नसलेलं. पाऊस, बल्बची कंपनी, ही आमची गाढवं होती. कारण ओळखायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात : ते असताना कार्य होतं, ते नसताना होत नाही. कंपनी बदलली तरी बल्ब गेलाच. म्हणजे कंपनी कटली.

मग आम्ही जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो विचारला. "दुसरं काही गेलं होतं का रे?" तो म्हणाला, "हो सर, मागचा लाल दिवा दोनदा गेला. पण तुम्ही हेडलाइटचंच विचारत होता."

मंडळी, इथे प्रकरण उलगडलं. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिव्यांत समान काय? त्यांना मिळणारं व्होल्टेज. त्याची गाडी डीसीवाली. बॅटरीच्या टोकांना मीटर लावला, इंजिन संथ असताना १३ च्या वर. ॲक्सिलरेटर पिळला तशी सुई नाही, आकडा चढत गेला आणि १६ ओलांडला. साधारणपणे तो साडेचौदाच्या आसपास थांबायला हवा. व्होल्टेज नुसतं ५ टक्के वाढलं तरी अशा बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, इथे तर त्याहून कितीतरी जास्त. व्होल्टेजला आवर घालणारा रेग्युलेटर निकामी झाला होता. तो बदलला, मीटर पुन्हा लावला, आकडा १४.२ वर थांबला. मगच नवा बल्ब बसवला. हा झाला व्यतिरेक. त्यानंतर दिवा गेलेला नाही.

इथे एका श्रोत्याने विचारलं, "सर, एलईडी बसवला असता तर?" व्होल्टेज तसंच चढत राहिलं असतं, त्या एलईडीलाही ते बाधू शकलं असतं आणि बॅटरीची वाट लागतच राहिली असती. शिवाय फिलामेंटसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला की उजेड बऱ्याचदा अस्ताव्यस्त पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात. आपला अंधार दुसऱ्याच्या डोळ्यांत ढकलणं हा उपाय नव्हे.

तेव्हा सांगायचं ते इतकंच. जो जळतो तोच दोषी असतो असं नाही. बऱ्याचदा तो फक्त बळी असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलण्याआधी आणि नंतर मोजा, आणि ज्याची गाडी आहे त्याला पूर्ण बोलू द्या. आम्ही ते पहिल्या दिवशी केलं असतं, तर पोराचं कोपर वाचलं असतं.