साठवणीचे दोन दिवस

संध्याकाळी साडेपाचला कुणाचं मूल झोपतं हो? पण माझ्या लेकीने त्या शुक्रवारी मला तसंच कळवलं. मी दक्षिण कोरियातल्या छांगवॉन ह्या कारखान्यांच्या शहरात, तिथे रात्रीचे नऊ वाजलेले. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे पुण्यात साडेपाच. फोन सासूबाईंनी घेतला होता आणि मागून सहा वर्षांच्या लेकीचा आवाज अगदी स्पष्ट आला, "आजी, आईला सांग मी झोपलेय."

ही गोष्ट 2018 च्या नोव्हेंबरातली. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम करते. नवीन यंत्रांच्या शिक्षणासाठी मला सहा महिने कोरियाला पाठवलं. आमच्या घरातून कामासाठी परदेशी जाणारी मी पहिलीच! हे म्हणाले, "जा, आम्ही बघतो." सासूबाईंनी तर "सहा महिने म्हणजे काय, एक चातुर्मास आणि वर दोन," असं म्हणून विषयच संपवला. 20 ऑगस्टला निघाले, परतायचं 20 फेब्रुवारीला.

पण दिवाळी आली आणि माझा धीर सुटला. खोलीत एकटीने पार्सलमधला चिवडा खाताना घशाखाली उतरेना. त्यातच वरिष्ठांनी विचारलं होतं, "आणखी एक वर्ष राहाल का? बढती मिळेल." आणि इकडे लेक फोनवर यायला तयार नाही. त्या रात्री मी रडत रडत पत्र लिहिलं : 'शिक्षण अर्धवट सोडून ताबडतोब परतण्याची परवानगी मिळावी.' सोमवारी ऑफिस उघडलं की पाठवायचं, असं ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. माझ्याबरोबर काम करणारी ओन्नी उभी. ओन्नी म्हणजे ताई. तिथेही मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. म्हणाली, "इमोकडे किमजांग आहे. चल. हात कमी पडताहेत."

इमो म्हणजे मावशी. आणि किमजांग म्हणजे, मैत्रिणींनो, आपल्या उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांसारखा त्यांचा हिवाळ्याआधीचा उद्योग! थंडीत भाजी मिळायची नाही, म्हणून वर्षाची किमची, म्हणजे तिखटामिठातला आंबवलेला कोबी, एकदम घालून ठेवायची. आळीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीने राबायला जातात, आपल्याकडे शेतावर सावड करतात तशा. ह्या किमजांगला 2013 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही घेतलं आहे. आपल्या वाळवणाला कोण घेतंय!

ओन्नीच्या गाडीतून आम्ही समुद्रावरचे पूल ओलांडत नामहे बेटावर गेलो. वाटेत खाडीत बांबूचे कूड ठोकून मासळी पकडायचे जुने सापळे दिसले. इमोचं गाव म्हणजे मुलगॉन. समोर समुद्र, आणि वारा अडवायला काही शतकांपूर्वी गावकऱ्यांनीच लावलेली झाडांची दाट रांग. वर टेकडीवर मात्र लाल कौलांची, पांढऱ्या भिंतींची घरं, जशी काही युरोपातून उचलून आणलेली! ओन्नी म्हणाली, "ते जर्मन गाव. जर्मनीत नोकरी करून परत आलेल्या कोरियन लोकांसाठी वसवलंय."

त्यामागे एक इतिहास आहे. कोरिया आज श्रीमंत देश आहे, पण 1960 च्या दशकात फार गरीब होता. 1963 ते 1977 ह्या काळात सुमारे आठ हजार पुरुष पश्चिम जर्मनीत कोळशाच्या खाणींत राबायला गेले आणि दहा हजारांहून जास्त बायका तिथल्या इस्पितळांत नर्स म्हणून गेल्या. पगारातला बराचसा पैसा घरी यायचा. भावांची शिक्षणं, बापाची शेती त्यावर उभी राहिली.

इमोही त्यांतल्याच. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, कमरेत वाकलेल्या. घर मात्र खालच्या जुन्या गावात. वरच्या दोन मैत्रिणी मदतीला आल्या होत्या. दारातच त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" तिथे नमस्काराच्या जागी हेच विचारतात. मला कोरियन जेमतेम येत होतं. पण लग्नाआधी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात मी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. तोंडातून सहज "गुटेन टाग" निघालं आणि इमोंनी हातातली सुरी खालीच ठेवली. पुढचे दोन दिवस एक मराठी बाई आणि एक कोरियन बाई मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलत होत्या!

अंगणात साठ गड्डे कोबी रचला होता. हा कोबी आपल्यासारखा गोल नाही, लांबट असतो. बुडाशी सुरीने चीर द्यायची आणि हाताने फाडून दोन फाका करायच्या. मिठाच्या पाण्यात बुचकळून पानांच्या जाड पांढऱ्या देठांशी खडेमीठ भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. मध्यरात्री उठून वरचे खाली, खालचे वर करायचे, नाहीतर मीठ सारखं लागत नाही.

मध्यरात्री आम्ही दोघीच उठलो. बोचरी थंडी, आणि घमेल्यात बर्फासारखं पाणी. इमोंनी विचारलं, "मूल आहे?" झालं! सगळं सांगून टाकलं. साडेपाचची झोप, ते पत्र, ते बढतीचं वर्ष.

त्या कोबी उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी 1972 साली गेले. मुलगी दोन वर्षांची होती, आईजवळ ठेवली. करार तीन वर्षांचा. पहिलं वर्ष रोज भिंतीवर रेघ मारायची. मग भावाचं कॉलेज निघालं, मग शेत निघालं. रेघा मारणं सोडलं आणि तीनाची सहा वर्षं झाली." जरा थांबून म्हणाल्या, "जाणं चूक की बरोबर, मला विचारू नकोस. पण मोजणं सोडू नकोस."

सकाळी कोबी तीन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवला. इमोंची ती मुलगीही आली होती, आता अठ्ठेचाळीस वर्षांची. गुलाबी रबरी हातमोजे घालून आम्ही ओळीने बसलो. मुळ्याचा कीस, लाल तिखट, लसूण, आलं, कांद्याची पात, तांदळाची खीर आणि खारवलेली मासळी असं सारण एकेका पानाला चोळायचं. मी मासळी खात नाही म्हटल्यावर इमो म्हणाल्या, "बौद्ध मठातही मासळी घालत नाहीत," आणि माझ्यापुरतं परातीत वेगळं कालवून दिलं. वर पुन्हा रागावल्या, "तिखट कमी चोळतेस!"

मुलीशी मी ओन्नीमार्फत बोलले. धीर करून विचारलंच, "आई परत आली तेव्हा काय वाटलं?"

ती सरळ म्हणाली, "मी आठ वर्षांची होते. कित्येक दिवस तिला 'आजुम्मा' म्हणत होते." आजुम्मा म्हणजे बाई, काकू; कुणाही परक्या बाईला म्हणतात तसं. "ती तिथून बाहुल्या पाठवायची, चॉकलेटं पाठवायची. पत्रात गोड गोड लिहायची. मला काय हवं होतं सांगू? तिने मला रागवायला हवं होतं. माझ्या मैत्रिणींच्या आया रागवायच्या."

ओन्नीने हे इंग्रजीत सांगेपर्यंत इमोंना अर्थातच सगळं कळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. हातातल्या गड्ड्याचं बाहेरचं पान नेटकं गुंडाळलं आणि तो मुलीच्या डब्यात ठेवला. मुलीने डबा सरकवून आणखी जागा केली. राग गेला असेल असं मला वाटत नाही. पण दरवर्षी ती येते.

पूर्वी किमचीचे रांजण अंगणात पुरत. आता घरोघर किमचीचा वेगळा फ्रिज असतो. दुपारी सगळ्यांनी ताज्या किमचीबरोबर उकडलेलं डुकराचं मांस खाल्लं, मी भात आणि माझी किमची. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने, असं मी सांगितलं.

रात्री नऊला घरी फोन लावला. सासूबाईंना म्हटलं, "तिला वही घेऊन बसवा. झोपली असेल तर उठवा." लेक फुरंगटून आली. वही पाहिली आणि म्हटलं, "हा ख आहे की रव? पाय जोड आधी! आणि वरची रेघ अशी वाकडी का?" ती चिडली, मीही चिडले. चाळीस मिनिटं आमचं भांडण चाललं. तीन महिन्यांत इतकं आम्ही बोललो नव्हतो.

सोमवारी पत्र पाठवलं, पण दुसरंच : 'ठरल्याप्रमाणे शिक्षण पूर्ण करून 20 फेब्रुवारीला परत येईन. पुढील वर्षासाठी थांबणे शक्य नाही.' रविवारपासून मोजले तर 87 दिवस उरले होते. कॅलेंडरवर रोज रेघ मारली आणि रोज रात्री नऊला गृहपितावरून भांडले. बढती हुकली. हळहळ वाटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

आता दर थंडीत मी घरी मासळीविना किमची घालते. पद्धत देते. लांबट कोबी एक किलो, चिरून शंभर ग्रॅम खडेमीठ लावून दोन-तीन तास ठेवा, मधून मधून वरखाली करा. तीन पाण्यांनी धुऊन निथळा. एक कप पाण्यात दोन चमचे तांदळाचं पीठ शिजवून गार करा. त्यात चार चमचे बेडगी मिरचीचं तिखट, दहा लसूणपाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर साखर, एका मुळ्याचा कीस आणि कांद्याची पात घालून कोबीला चोळा. चव पाहून लागलं तर मीठ घाला. स्वच्छ बरणीत दाबून भरा, वर दोन बोटं जागा सोडा. दिवस-दोन दिवस बाहेर, आंबूस वास आला की फ्रिजमध्ये. सासूबाईंनी पहिल्यांदा बरणी हुंगून "काय गं, लोणचं नासलं का?" विचारलं होतं. आता थालीपीठाबरोबर त्याच आधी मागतात.

आणि विमानतळावर? मिठी वगैरे नंतर. लेक आजीचा पदर धरून उभी होती. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "आता माझा ख नीट येतो."